‘गाडीवर हाय, बोल की!’

सोलापुरात गाडीवरच्या माणसाला फोन लागला की बोलण्याची सुरुवात ठरलेली असते. ‘कुठं हायस बे?’ ‘गाडीवर हाय, बोल की.’ आणि पलीकडचा खरंच बोलायला लागतो. गठ्ठे पोचले का, उधारी कधी देतोस, येताना कोथिंबीर आण, गुरुवारी अक्कलकोटला जायचं का. हा माणूस या घडीला रस्त्यावर आहे, हातात हँडल आहे, हे त्याला आत्ताच कळलेलं असतं. तरी तो थांबत नाही. उलट उत्तर यायला जरा उशीर झाला तर ‘आवाज येतोय का?’ म्हणून स्वतःचाच आवाज चढवतो.

गाडी चालवताना मोबाईल वापरण्याबद्दल जे काही लिहिलं-बोललं जातं ते सगळं चालवणाऱ्याला उद्देशून असतं. जानेवारीत रस्ता सुरक्षेचे फलक लागतात, शाळकरी पोरांची फेरी निघते, एखाद्या चौकात गुलाबाची फुलं वाटली जातात. त्यातलं एक वाक्यही फोन करणाऱ्याला सांगितलेलं नसतं. माझं म्हणणं असं की या फोनाची निम्मी जबाबदारी तो करणाऱ्याची आहे, आणि ती त्याच्या पदरात टाकल्याशिवाय नुसत्या दंडाने फारसं काही सुटणार नाही.

धोका किती, ते आधी पाहू. ‘आपल्या गावात स्पीडच कुठाय?’ हे वाक्य मी फार ऐकलंय. कन्ना चौकातून अशोक चौकाकडे जाताना ताशी तीसच्या वर काटा जात नाही, हे खरं. पण तीसच्या वेगात गाडी सेकंदाला आठ मीटरहून जास्त पुढे जाते. फोन कोणाचा आला हे बघायला दोन सेकंद नजर खाली गेली, तर साधारण सतरा मीटर गाडी आपली आपण चालली. पूर्व भागातल्या एखाद्या गल्लीत सतरा मीटरमध्ये चार-पाच घरांची दारं येतात, आणि संध्याकाळी त्यातल्या कुठल्याही दारातून पोरगं चेंडूमागे बाहेर येऊ शकतं. पुणे-हैदराबाद महामार्गावर ताशी ऐंशीला हेच गणित सेकंदाला बावीस मीटरचं होतं. तीन सेकंद मान खाली म्हणजे सासष्ट मीटर. गळीत हंगामात रात्री त्या सासष्ट मीटरमध्ये काय उभं असू शकतं हे आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको: पंक्चर झालेली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, उसाने भरलेली ट्रॉली.

सात रस्त्याला संध्याकाळी दहा मिनिटं बाजूला उभं राहून पाहावं. दुचाकीवर मागे टॉवेलचा गठ्ठा दोरीने आवळलेला, चालवणाऱ्याचा डावा खांदा वर, मान त्याच बाजूला कलती, मध्ये फोन. ‘तीस-साठ साईजचा माल संपला म्हणलं ना सेठ… सत्तावीस-चोपन्नचा टाकू का?’ सिग्नल सुटला, मागून हॉर्न सुरू झाले, गाडी दोन झोकांड्या खाऊन निघाली. अपघात वगैरे काही झाला नाही. पण त्याची मान बघण्यासारखी होती. ज्या खांद्यात फोन दाबलाय त्या बाजूला मान वळवायची म्हटलं तर फोन खाली पडतो, म्हणून माणूस ती वळवतच नाही. त्याच्या गाडीला त्या बाजूचा आरसाही नव्हता. डावीकडून शिरणारी रिक्षा त्याच्यासाठी रस्त्यावर नव्हतीच. त्याच्या मागे स्कुटीवर स्कार्फ बांधलेली एक बाई होती. फोन स्कार्फच्या आत कानाशी खोचलेला, दोन्ही हात हँडलवर, आणि बोलणं चालू. बघणाऱ्याला वाटावं, बाई स्वतःशीच भांडतेय.

ही स्कार्फची युक्ती, कानातले इअरबड आणि गाडीतलं ब्लूटूथ हे तिन्ही एकाच समजुतीवर उभे आहेत. हात मोकळे झाले की धोका संपला, ही ती समजूत. आपला कायदाही जवळपास तेच मानतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली तिने धोकादायक वाहन चालवण्याच्या १८४ कलमात हातात धरायच्या संपर्क-उपकरणांचा वापर स्पष्ट शब्दांत घातला. पहिल्या गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडला तर दहा हजार दंड, दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२० पासून, नियमांत अशी सोय झाली की चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने रस्ता शोधण्यापुरतं हातातलं उपकरण वापरता येईल. म्हणजे कायदा पकडतो तो हात.

डोकं मात्र मोकळं सुटतं, आणि खरी गडबड डोक्यात असते. टोरांटोच्या दोन संशोधकांनी १९९७ साली ६९९ चालकांची फोनची बिलं आणि त्यांच्या अपघातांच्या वेळा समोरासमोर मांडल्या. फोन चालू असताना टक्कर होण्याचा धोका सुमारे चौपट निघाला. हात मोकळे ठेवणाऱ्या फोनांनी तो कमी झाल्याचं त्यांना दिसलं नाही. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात तर सिम्युलेटरवर चालकांची नजर कुठे जाते हेच मोजलं गेलं. फोनवर बोलणाऱ्याची नजर रस्त्याकडेच्या फलकावर नेमकी पडलेली असायची, पण नंतर विचारलं तर तो फलक पाहिल्याचं त्याला आठवत नसे. डोळ्यांनी आपलं काम केलं, मन दुसऱ्याच्या दुकानात बसलेलं होतं. त्याच गटाने २००६ मध्ये दारू प्यायलेल्या आणि फोनवर बोलणाऱ्या चालकांची तुलना केली, तेव्हा बोलणारे प्यायलेल्यांपेक्षा काही फार बरे ठरले नाहीत. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या शेजारी बसायला आपण नको म्हणतो, आणि ब्लूटूथवर अर्धा तास गप्पा मारत तुळजापूरहून आणणाऱ्या मेव्हण्याचं कौतुक करतो, की बघा किती सफाईने चालवतो.

इथे नेहमी एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. शेजारी बसलेल्याशी आपण बोलतोच की, मग फोननेच काय घोडं मारलं? याचं उत्तर आपल्या रोजच्या अनुभवात आहे. शेजारचा माणूस रस्ता बघत असतो. जुना पुणे नाका आला, समोरून कंटेनर वळतोय, की तो बोलता बोलता गप्प होतो. कधी ‘अरे अरे, बघून’ असं ओरडतोही. युटाच्याच मंडळींनी हे तपासलंय. प्रवाशाशी बोलणारे चालक ठरलेल्या ठिकाणी बहुतेक बरोबर वळले, फोनवर बोलणाऱ्यांतले बरेच जण वळायचं विसरून पुढे गेले. फोनच्या पलीकडच्याला कंटेनर दिसत नाही. तो आपला हिशेबच विचारत राहतो, आणि तुम्ही गप्प झालात तर त्याला वाटतं नेटवर्क गेलं.

म्हणजे चालवणाऱ्याच्या डोक्यातला हा कल्ला बंद करणं ज्याला सहज जमतं असा माणूस पलीकडे बसलेला असतो. त्याला काहीच सांभाळायचं नसतं, ना क्लच ना ब्रेक ना गाडीचा तोल. ‘थांबून कर’ म्हणायचं आणि लाल बटण दाबायचं, एवढंच काम. ते तो करत नाही, कारण ते त्याचं काम आहे असं त्याला कोणी सांगितलेलं नाही.

आपल्याकडे लक्ष सांभाळण्याची कला नाही असंही नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघतात तेव्हा पाहा. पांढरी बाराबंदी घातलेला मानकरी तो उंच, जड ध्वज पेलत चाललेला असतो, आणि त्या वेळी त्याचा सख्खा भाऊ गर्दीत असला तरी त्याला हाक मारत नाही. तोल त्याच्या एकट्याच्या हातात आहे, पण तो टिकू द्यायची जबाबदारी सभोवतालच्या सगळ्यांची आहे, हे तिथे कोणाला शिकवावं लागत नाही. सैफुलजवळ दोन पोरांना मागे बसवून दुचाकी हाकणाऱ्याच्या बाबतीत ही समज आपल्याला का नसावी?

आता ज्या उदाहरणाने मला खरी चीड येते ते सांगतो. शाळेची रिक्षा. होटगी रोडच्या बाजूची शाळा सुटते, रिक्षाकाका पोरं भरतात, दप्तरं बाहेर लटकतात, रिक्षा जुळे सोलापूरकडे निघते. आसरा चौक यायच्या आत फोन वाजायला लागतात. ‘काका, कुठवर आलात?’ पाच मिनिटांनी दुसरी आई: ‘काका, आज उशीर का हो?’ तिसऱ्या घरचे आजोबा: ‘आमच्या बाळूला पुढे बसवलंय ना?’ ज्यांची लेकरं त्या रिक्षात बसली आहेत तेच लोक त्या रिक्षाच्या चालकाला फोन करताहेत! काका उचलतात, कारण नाही उचलला तर संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘काका फोन उचलत नाहीत’ असा मेसेज पडतो, आणि पुढच्या महिन्यात दोन पोरं दुसऱ्या रिक्षात जातात. काकांना दंड करा, जरूर करा. पण त्यांच्या हातात तो फोन कोणी दिला? मोबाईल नव्हते तेव्हा रिक्षा गल्लीच्या तोंडाशी येऊन हॉर्न द्यायची आणि आई पदराला हात पुसत बाहेर यायची. पाच-दहा मिनिटं मागेपुढे व्हायची, ती कोणी मोजत नसे. आताची ती पाच मिनिटं आपल्याला सोसवत नाहीत, एवढीच काय ती गोष्ट आहे. काळजी हे तिला दिलेलं चांगलं नाव.

फोन न उचलण्याची मुभा सगळ्यांना सारखी नसते, हेही बोललं पाहिजे. दुकानाचा मालक गाडी चालवत असेल आणि नोकराचा फोन आला तर तो खुशाल कापतो. उलटं होत नाही. सेठचा फोन, मुकादमाचा फोन, साहेबांचा फोन हा वाजला की उचलायचाच. घरपोच जेवण पोचवणाऱ्या पोराचं तर सगळं कामच हँडलला लावलेल्या फोनवर चालतं. नवी ऑर्डर चालत्या गाडीवर येते, काही सेकंदांत ती घ्यायची की नाही ते ठरवायचं असतं, आणि त्यात ज्याच्या हातात नकाशा आहे, ज्याला त्या पोराचा ठिपका हलताना दिसतोय, ते गिऱ्हाईक फोन करून विचारतं, ‘किती वेळ लागेल?’ या पोराला भैया चौकात अडवून एक हजार रुपये घेतले तर त्याची दिवसाची कमाई जाते. उद्या तो पुन्हा फोन उचलतो, कारण उचलला नाही तर परवाचं काम जातं. दंडाची भीती आणि पोटाची भीती समोरासमोर आल्या की कोणती जिंकते हे सांगायला नको.

शिवाय दंड लागतो तरी किती जणांना? पोलिसाच्या हातातल्या मशीनला हेल्मेट नसलेलं डोकं दिसतं, तिघं बसलेली दुचाकी दिसते, नंबरप्लेट दिसते. स्कार्फमधला फोन दिसत नाही. कानातलं इवलंसं बोंड केसांखाली झाकतं. आणि चलन आलंच तर लोकअदालतीत काही कमी होईल म्हणून माणूस ते तसंच लोंबकळत ठेवतो.

आकड्यांत याचं प्रतिबिंब कसं पडतं ते बघण्यासारखं आहे. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले, त्यांत १,६८,४९१ माणसं गेली. यातल्या मोबाईलच्या वापरामुळे झालेल्या मृत्यूंचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास दाखवलेला आहे. सगळा बोजा अतिवेगावर. मला हा आकडा पटत नाही, आणि न पटण्याचं कारण आपल्या फिर्यादींत आहे. ‘रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात’ हा छापील मजकूर आपण वर्तमानपत्रात वर्षानुवर्षं वाचतो. दुर्लक्ष कशामुळे झालं याचा रकाना तिथे भरला जात नाही. धडकेनंतर फोन खिशात जातो, फुटून झुडपात पडतो, नाहीतर मरणाऱ्याबरोबर सिव्हिलला जातो. चालक वाचला असेल तर तो स्वतःहून थोडाच सांगणार? टोरांटोत १९९७ साली बिलं तपासून जे कळलं ते आज आपल्याकडे कंपनीच्या कॉल रेकॉर्डवरून कळू शकतं. अपघाताची माहिती जागेवरूनच भरण्यासाठी पोलिसांच्या हातात आयरॅड नावाचं ॲप आहे. माणूस दगावलेल्या प्रत्येक अपघातात चालकाच्या कॉलची वेळ आणि धडकेची वेळ शेजारी शेजारी लिहिली गेली, तर दोन टक्क्यांचा आकडा तिथेच राहील असं मला वाटत नाही. आणि त्याच नोंदीत कळेल की त्या वेळी फोन आलेला होता की केलेला.

‘आलेला’ निघाला तर काय? अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात २०१३ साली वरच्या न्यायालयासमोर हाच प्रश्न आला होता. एका तरुणाने गाडी चालवताना मेसेजच्या नादात समोरून मोटारसायकलवर येणाऱ्या नवरा-बायकोला धडक दिली. दोघांनाही एकेक पाय गमवावा लागला. त्यांनी भरपाईसाठी चालकावर दावा केलाच, आणि त्याला मेसेज पाठवणाऱ्या मुलीलाही प्रतिवादी केलं. न्यायालय म्हणालं की समोरचा गाडी चालवतोय आणि तो मेसेज चालवतानाच वाचणार आहे हे पाठवणाऱ्याला माहीत असेल, किंवा माहीत असायला खास कारण असेल, तर जबाबदारी त्याच्यावरही येऊ शकते. तसा पुरावा नसल्यामुळे ती मुलगी सुटली. पण तत्त्व मान्य झालं.

उद्या सोलापुरात सेठला आरोपी करा, असं मी म्हणत नाही. फोनवर काय बोलणं झालं ते सिद्ध करणं अवघड, आणि आपल्याकडे कायदा आला की त्याच्या नावाने वसुली आधी सुरू होते. पण न्यू जर्सीतल्या मुलीला जो संशयाचा फायदा मिळाला तो आपल्यातल्या बहुतेकांना मिळू नये. तिला समोरचा काय करतोय ते ठाऊक असल्याचं सिद्ध झालं नाही. आपल्याला तर तो पहिल्याच वाक्यात सांगतो, ‘गाडीवर हाय.’ त्यानंतरचं प्रत्येक वाक्य आपण जाणूनबुजून बोलतो.

काही जण म्हणतील, रस्ते बघा आधी. जड वाहनं शहरातून जातात, खड्डे आहेत, सिग्नल बंद पडतात, स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीसमध्ये नाव येऊनही चौक तसेच. सगळं कबूल. पण रस्ता जितका वाईट तितकं लक्ष जास्त लागतं. विजापूर रोडवर मध्येच दुभाजक ओलांडणारी म्हैस ही ब्लूटूथ वापरायची परवानगी कशी काय होते, ते मला कळलेलं नाही.

उपाय फार मोठे नाहीत. फोनांमध्ये गाडी चालू असताना आपोआप ‘नंतर करतो’ असा मेसेज पाठवायची सोय आहे, ती चालू करायला मिनिटही लागत नाही. शाळांनी वर्ष सुरू होतानाच पालकांकडून लिहून घ्यावं की रिक्षा रस्त्यावर असताना चालकाला फोन करणार नाही. अडचण असेल तर शाळेच्या कार्यालयात करावा. एसटीत निदान वाहक वेगळा असतो, खाजगी व्हॅनमध्ये मागे बसणारी मदतनीस बाई असेल तर फोन तिच्याकडे राहावा. चादरी-टॉवेलच्या व्यापाऱ्यांना माल पोचल्याचा फोन हवा असतो, तो पोचल्यावर येईलच; वाटेत तीनदा विचारल्याने गठ्ठा लवकर पोचत नाही.

सुरुवात करायची तर माझ्या मते साखर कारखान्यांपासून करावी, कारण तिथे कोणालाही समजावत बसावं लागत नाही, करारातच लिहिता येतं. आपल्या जिल्ह्यात कारखाने राज्यातल्या कुठल्याही जिल्ह्याला हेवा वाटावा इतके आहेत, आणि हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर पंढरपूर, मंगळवेढा, मोहोळच्या रस्त्यांवर रात्रंदिवस चालतात. वर टेप मोठ्याने, खाली फोन कानाला. ‘खेप कुठवर आली?’ हे विचारणारा मुकादम असतो, शेतकरी असतो, कारखान्याच्या वजनकाट्यावरचा माणूस असतो. आमचा ऊस वाळतोय, वजन घटतंय, ही त्यांची घाई खोटी नाही. पण ट्रॅक्टर ताशी वीसने चालतो, आणि तो वीसनेच चालणार आहे. ऊसतोडणी आणि वाहतुकीचे करार हंगामाच्या आधी होतात. त्यात दोन कलमं घालावीत: फोन वाहन उभं करून घ्यायचा, आणि कारखान्याच्या कोणत्याही माणसाने चालत्या वाहनाच्या चालकाला फोन करायचा नाही. ट्रॉलीला रिफ्लेक्टर नसेल तर गव्हाणीवर, म्हणजे ऊस उतरवतात तिथे, घेणार नाही असं कारखाने म्हणू शकतात, तसंच हेही म्हणू शकतात. मुकादम कुरकुर करतील, तोडीच्या चिठ्ठ्या देणारा चिठ्ठीवाला म्हणेल नंबर कसे लावू. काट्यावर एक वही ठेवावी. ट्रॅक्टर निघाला की फडातून कळवायचं, पोचला की काट्यावरून. मधल्या वेळात तो कुठे आहे हे कोणाला कळलं नाही तरी त्या रात्रीचं गाळप थांबत नाही.